मास्तरांचा राहिलेला अभिप्राय

शांतिनाथ मगदूम मास्तरांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली, तर ते आधी नवरा-नवरीची नावं वाचत नसत, आधी चुका वाचत. खिशातलं लाल पेन बाहेर निघायचं आणि पत्रिका घेऊन आलेला वधूपिता शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा. राजारामपुरीतल्या त्यांच्या गल्लीत वाढदिवसाचा फ्लेक्ससुद्धा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय लागत नसे. एकदा तर मयताच्या घरी भेटायला गेले आणि तिथं ठेवलेल्या शोकपत्रिकेतला विसर्ग दुरुस्त करून आले. घरच्यांचं रडणं थांबलं ते तेव्हाच, असं लोक अजून सांगतात. 'दुरुस्ती मास्तर' हे नाव त्यातूनच पडलं, आणि मास्तरांना ते मनातून आवडायचं.

मूळचे ते गारगोटीकडचे. जैन शेतकऱ्याचं घर. गारगोटीच्या हायस्कुलात मराठी शिकवलं, शिक्षक संघटनेत हिरिरीनं काम केलं, मोर्च्यात पुढं राहून घोषणा दिल्या. घोषणासुद्धा शुद्ध असायच्या. पुढं बदली होऊन कोल्हापुरात आले, पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला, निवृत्त झाले. मुलगी आदिती लग्न होऊन पुण्याला गेली. घरात राहिले ते आणि त्यांच्या पत्नी त्रिशलावहिनी. मास्तर देवळात फारसे जात नसत. आपण समाजवादी आहोत, असं ते म्हणत. पण घरातलं जेवण मात्र दिवेलागणीच्या आत व्हायचं, कारण ते वहिनींच्या हातात होतं.

सूर्य बुडायच्या आत जेवणाऱ्या माणसाची संध्याकाळ लांबलचक असते. ती संध्याकाळ मास्तर चाळीस वर्षं, म्हणजे कोल्हापुरात आल्यापासून, एकाच जागी घालवत आले. जिना उतरला की खाली लालासाब शिकलगार यांचं सीट कव्हरचं दुकान. रिक्षाच्या गाद्या, मोटारसायकलींची सीटं, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि मधोमध एक जाडजूड शिलाई मशीन. मशीनशेजारी एक स्टूल होतं. त्या स्टुलावर मास्तर बसायचे आणि वाचून दाखवायचे. लालासाबचे हात गुंतलेले असत, पण कान मोकळे होते. सातवीत शाळा सुटलेल्या लालासाबनं अशी कितीतरी पुस्तकं ऐकून संपवली होती.

त्यातलं सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं पुस्तक म्हणजे 'घाम आणि मालकी'. जुन्या पिढीतल्या नरंदेकर नावाच्या एका कार्यकर्त्यानं लिहिलेलं. समाजवाद म्हणजे काय, हे त्यात गिरणीपासून उसाच्या फडापर्यंतचे दाखले देऊन सांगितलं होतं. एके काळी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोर्च्यात ते कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत असायचंच. त्यात 'शेजार' नावाचं एक प्रकरण होतं. शेजाऱ्याच्या दाराशी उभं असलेलं भय आपल्याही दाराशी यायचं असतं, म्हणून ते तिथंच अडवायचं, असा त्याचा सारांश. लालासाबला ते प्रकरण फार आवडायचं. "त्ये शेजाऱ्याचं वाचा की मास्तर," असं तो म्हणायचा आणि मास्तर आवाज लावून वाचायचे.

चाळीस वर्षांत मास्तर लालासाबला 'तू' म्हणत आले आणि लालासाब मास्तरांना 'तुम्ही'. पुस्तकात समतेवर पन्नास पानं होती, पण हे दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुकान बंद करायची वेळ झाली की आणखी एक गंमत असायची. शटरची डावी बाजू रुळात अडकायची. एकट्यानं ओढलं तर निम्म्यावर येऊन थांबायचं. मग लालासाब रोजच्या रोज हाक द्यायचा, "मास्तर, जरा हात लावा!" मास्तर स्टुलावर असले तर उठायचे, वर गेले असले तर खिडकीतून "आलो" म्हणून खाली यायचे. दोघं मिळून शटर खाली खेचायचे. ते दुरुस्त करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. खरं तर सुचून घ्यायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गावात बंद पुकारला गेला. कुठल्यातरी पोराच्या मोबाइलवर काहीतरी आलं, ते कुणीतरी बघितलं, आणि सकाळपासून चौकात गर्दी जमायला लागली. त्या पोराचा आणि लालासाबचा संबंध एवढाच, की दोघांची नावं एका धर्मातली. लालासाब दुकानाबाहेर राहिलेलं गिऱ्हाइकाचं सामान आत घेत होता. चौकातून आरडाओरडा जवळ आला तसं त्यानं शटर ओढलं. ते नेहमीप्रमाणे निम्म्यावर येऊन थांबलं.

वर खिडकीत मास्तर उभे होते. लालासाबनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण हाक रोजचीच होती. "मास्तर, जरा हात लावा!"

"अवो, हाक मारायल्यात. जावा की," त्रिशलावहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी खिडकी लावली. कडीसुद्धा घातली.

पुढचं त्यांनी बघितलं नाही, फक्त ऐकलं. काच फुटली, पत्र्यावर दगड वाजले, कुणीतरी शिव्या दिल्या. मग पोलिसांची गाडी आली आणि सगळं पांगलं. रेक्झिनचे गुंडाळे रस्त्यावर उलगडून पडले होते. लालासाबच्या भुवईवर दगड लागला होता, टाके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी मास्तर खाली गेले. जिना उतरताना त्यांनी काहीच ठरवलेलं नव्हतं. पण लालासाबच्या भुवईवरची पट्टी बघितली आणि तोंडातून आपोआप निघालं, "मला काल काही कळलंच नाही रे. मी गारगोटीला गेलो होतो, भाच्याकडं."

लालासाबनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. "व्हय? असंल, असंल," म्हणाला आणि काचा गोळा करायला लागला.

त्यानंतर आठवड्याभरात लालासाबनं शटर दुरुस्त करून घेतलं. रूळ बदलले, वंगण घातलं. आता ते एका हातानं सर्रकन खाली येऊ लागलं. संध्याकाळी वर खिडकीत बसलेल्या मास्तरांना तो आवाज ऐकू यायचा. हाक मात्र कुणी मारत नसे. मास्तर खाली जात राहिले, पण रोजचं जाणं चार दिवसांवर आलं, मग आठवड्यावर. स्टुलावर फोमचे तुकडे साचले. वाचन बंद पडलं. कुणी विचारलं, तर मास्तर डोळ्यांच्या नंबरचं कारण सांगत.

जैनांत एक फार चांगली रीत आहे. भाद्रपदात दसलक्षण पर्वाचे उपवास झाले की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मास्तर देवळात जात नसले तरी ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. दरवर्षी खाली जाऊन हात जोडायचे, "वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा कर," आणि लालासाब हसून म्हणायचा, "तुमचं काय चुकतंय मास्तर? दुसऱ्याचंच चुकायलंय!" बंदनंतरच्या क्षमावाणीला मात्र मास्तर जिना उतरले नाहीत. कमळाचं चित्र आणि त्याखाली क्षमेचा श्लोक असलेला एक तयार मेसेज त्यांनी मोबाइलवरून पुढं ढकलला. तो त्यांनी एकाच वेळी सगळ्या ओळखीच्यांना पाठवला होता, त्यात गॅसवालाही होता. लालासाबचं उत्तर आलं नाही.

एवढ्यावरच हे सगळं हळूहळू गोठून गेलं असतं. पण अनुजा आली.

अनुजा पुस्तकं छापायची. वयानं तिशीतली, तोंडानं फटकळ, धंद्यात नवी. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. जुनी बंद पडलेली पुस्तकं पुन्हा काढायची असा तिनं चंग बांधला होता आणि पहिलं पुस्तक काढलं ते 'घाम आणि मालकी'. घरची माणसं म्हणाली, हे कोण घेणार? पण ते चक्क खपलं. मग दुसऱ्या छपाईत वाचकांचे अभिप्राय घालायचे असं तिनं ठरवलं. लोकांना लिहायचा कंटाळा असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं सांगितलं, मोबाइलवर बोलून थेट आमच्या मगदूम सरांना पाठवा, ते लिहून काढतील.

मास्तरांना हे काम म्हणजे दिवाळीच. त्यांनी कानाला यंत्र लावलं, चष्मा पुसला आणि बसले. काय एकेक वाचक! शिरोलीचे एक कारखानदार म्हणत होते, "पुस्तक फर्स्ट क्लास आहे, पण लेखकानं आमच्या बाजूनंही एखादं प्रकरण लिहायला हवं होतं. कामगार टिकत नाही हो हल्ली." स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी विचारत होती, यातलं परीक्षेला काय येतं? एका जुन्या कार्यकर्त्याची तक्रार होती की पूर्वीचं मुखपृष्ठ लाल होतं, आताचं निळं कसं? एकानं तर पुस्तकाबद्दल चकार शब्द न काढता आपल्या आयुष्याची सगळी कहाणी सांगितली होती आणि शेवटी म्हटलं होतं, "म्हणून पुस्तक आवडलं." मास्तरांनी सगळ्यांच्या बोलण्यातली वळणं सरळ केली, 'हाय'चं 'आहे' केलं, अडखळणं गाळलं. कारखानदारापासून हमालापर्यंत सगळे एकाच शुद्ध भाषेत बोलू लागले. मास्तर खूश होते.

"सर, तुमचा अभिप्राय राहिला की," अनुजा म्हणायची.

"देतो, देतो. आधी लोकांचे होऊ देत."

एका दुपारी लालासाबचा आवाज आला. अनुजानंच त्याला गाठून बोलायला सांगितलं होतं. मास्तरांनी कानाचं यंत्र नीट बसत नाही म्हणून मोबाइलचा आवाज मोठा केला. स्वयंपाकघरातून त्रिशलावहिनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, लालासाब बोलतोय. पुस्तक म्या वाचल्यालं न्हाय, ऐकल्यालं हाय. तुमच्याच तोंडनं. पुस्तक चांगलं हाय. त्यातलं शेजाऱ्याचं प्रकरण मला लई आवडायचं. पर मला एक इचारायचं हाय. ज्येनं ते वाचून दावलं त्येनंच खिडकी लावली, तर चूक कुणाची म्हनायची? लिवणाऱ्याची, वाचणाऱ्याची, का माझ्यासारख्या ऐकणाऱ्याची? मला काय कळंना झालंय. एवढंच लिवा."

मागं मशीनचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

मास्तरांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. गारगोटीची गोष्ट त्यानं एक दिवससुद्धा खरी मानली नव्हती. दोन वर्षं 'असंल, असंल' म्हणत त्यानं ती नुसती ठेवून घेतली होती. मास्तरांना लाज वाटली, अंगावरचं कापड कुणी ओढून घ्यावं तशी. त्यांनी वहिनींकडं बघायचं टाळलं.

"गारगोटीला गेलतासा न्हवं तुमी त्या दिवशी?" वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आता इथं मास्तरांनी काय करायला हवं होतं, हे सांगायला पंडित लागत नाही. उठून जिना उतरायचा. अगदीच धीर नसेल, तर हा अभिप्राय जसाच्या तसा अनुजाला पाठवायचा. पण माणूस चाळीस वर्षं ज्या हातानं दुरुस्त्या करत आला, तोच हात पुढं सरसावला. मास्तर स्वतःला समजावू लागले. छापील पुस्तकात कुणाची खासगी बाब बरी दिसत नाही. शिवाय लालासाबचंच नाव होईल, उद्या कुणी त्रास दिला तर? त्याच्या भल्यासाठीच हे गाळलेलं बरं. ज्याचं भलं करायला ते निघाले होते त्याला गरजेच्या वेळी त्यांनी काय दिलं होतं, हा विचार त्यांनी जवळ येऊ दिला नाही. त्यांनी लिहिलं, "हे पुस्तक मी ऐकले. ते शेजारधर्म शिकवते. भीतीच्या काळात ते माणसाला माणसाजवळ आणते. लालासाब शिकलगार, सीट कव्हर कारागीर."

वाक्यं इतकी चांगली जमली होती, की पाठवून दिल्यावर त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

अनुजाचा फोन लगेच आला. "सर, काय बोललेत लालासाबचाचा! मी हे मागच्या कव्हरवर घेणार. सगळ्यात वर. आणि प्रकाशनाला तेच स्टेजवर वाचतील."

"अगं, त्याला नको. तो बुजतो लोकांत."

"मी विचारलं की. हो म्हणाले."

प्रकाशनाच्या रविवारी हॉल भरला. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, पण त्यांचं सगळं लक्ष मागं दाराकडं होतं. लालासाब पांढरा शर्ट घालून आला आणि कडेच्या खुर्चीवर बसला. त्याच्या भुवईवरचा व्रण दिव्यांच्या उजेडात लांबून दिसत होता. मास्तरांनी हात हलवला, त्यानं मान हलवली. कारखानदार बोलले, त्यांना टाळ्या पडल्या. जुन्या कार्यकर्त्यांनी मुखपृष्ठाचा विषय पुन्हा काढला. मग अनुजानं लालासाबचं नाव पुकारलं आणि म्हणाली, "या पुस्तकाचा खरा वाचक मला विचाराल तर हा. ज्यानं ते कानांनी वाचलं."

लालासाब स्टेजवर गेला. अनुजानं पुस्तक त्याच्या हातात दिलं, मागची बाजू वर करून. त्यानं चष्मा लावला. पहिलं वाक्य बोट ठेवून वाचलं. दुसरं वाचलं. मग थांबला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. पुढचं वाक्य त्यानं आधी मनात वाचून घेतलं, हे मास्तरांना दिसलं, कारण दुकानात गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या असंच ओठ हलवत वाचताना त्यांनी त्याला पूर्वी शेकडो वेळा बघितलं होतं. लालासाबनं पुस्तक उलटून पुढचं मुखपृष्ठ बघितलं, जणू पुस्तक तेच आहे ना याची खात्री करून घ्यायची होती. पुन्हा उलटलं. बुजला बिचारा, असं लोकांना वाटलं. मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता तो सांगेल, हे माझं नव्हे. सांगू दे. सांगायलाच हवं. पण नको, सांगू नये.

"भीतीच्या काळात," लालासाबनं सावकाश वाचलं, "ते माणसाला माणसाजवळ आणते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिरोलीचे कारखानदार उभं राहून टाळ्या वाजवत होते. अनुजाचे डोळे भरून आले होते. "चाचा, अजून काही सांगायचंय?"

लालासाबनं चष्मा काढून खिशात ठेवला. "न्हाय वो ताई. मास्तरांनी लिवल्यालं हाय. त्येच्यात चूक कशी असंल?"

हॉल कौतुकानं हसला. दुरुस्ती मास्तरांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक होती. काही जणांनी वळून मास्तरांकडं बघितलं, कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांनाही हसावं लागलं. ते हसू त्यांच्या तोंडावर किती वेळ राहिलं, आणि ते काढून कुठं ठेवावं, हे त्यांना कळेना. सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यानं तर उलट झाकलं. शटरला ज्यांनी हात लावला नाही, त्यांचं शटर त्यानं सगळ्या गावासमोर एकट्यानं खाली ओढून दिलं होतं.

चहाच्या वेळी लालासाब दिसला नाही. तो निघून गेला होता.

त्या दिवसापासून मास्तरांनी मागचा जिना धरला. इमारतीला मागून एक लोखंडी जिना होता, झाडूवाल्यासाठी आणि पाणी सोडणाऱ्यासाठी. मास्तर दूध आणायला त्या जिन्यानं जाऊ लागले. गणपती बसले, उठले, गल्लीत ढोल वाजले, मास्तर खिडकीच्या आत बसून राहिले. कुणी पत्रिका तपासायला घेऊन आलं तर "डोळे दुखतात" म्हणून परत पाठवू लागले. टेबलावर अनुजानं भेट दिलेलं पुस्तक होतं. ते त्यांनी पालथं ठेवलं, तर मागच्या कव्हरवरचं वाक्य वर आलं. सुलटं ठेवलं, तर ते वाक्य खाली आहे हे आठवत राहिलं. शेवटी त्यांनी पुस्तक कपाटात कोंबलं. अनुजाचे फोन येतच होते. "सर, सगळ्यांचे अभिप्राय आले, तुमचाच राहिला. पुढच्या छपाईला तरी द्या." मास्तर "देतो" म्हणत आणि फोन ठेवत.

दसलक्षणाचे उपवास त्रिशलावहिनींनी पुरे केले. क्षमावाणीचा दिवस आला. सकाळी मास्तरांनी मोबाइल हातात घेतला आणि कमळाचं चित्र शोधायला लागले.

वहिनींनी मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला. उपवासानं त्या थकल्या होत्या, पण आवाज थकलेला नव्हता. "गॅसवाल्याला आनि लालासाबला एकच क्षमा व्हय? माफी कुणाची मागायची एवढं कळतंय तुमास्नी. कशाची मागायची ते कवा कळायचं? जिना उतरा. पुढचा."

मास्तर पुढचा जिना उतरले.

दुकान नुकतंच उघडलं होतं. लालासाब मशीनवर होता, रिक्षाची लांबलचक गादी शिवत. बाहेर तो रिक्षावाला उभा होता, शेजारच्या दवाखान्यासमोर दोन-चार पेशंट, समोरच्या क्लासच्या पायरीवर मुलं. मास्तर दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहिले. स्टुलावर फोमचे तुकडे होते. बसा असं कुणी म्हटलं नाही.

त्यांनी हात जोडले. "लालासाब, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा कर."

लालासाबनं मशीन थांबवलं नाही. "काय चुकलं?"

एवढं सरळ त्यानं चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मास्तर गडबडले. "तो अभिप्राय. मी तुझे शब्द बदलले. मला तसं करायला नको होतं."

"त्ये ऱ्हाऊ दे. त्येच्या आधीचं?"

मास्तर काहीतरी पुटपुटले. ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला, मास्तर. मशीन चालू हाय."

"मी त्या दिवशी... गारगोटीला... म्हणजे असं झालं, की परिस्थितीच अशी होती..." मास्तरांची भाषा अजून शुद्धच होती. वाक्यं नीट कर्त्यावरून सुरू व्हायची आणि क्रियापदाशी पोचायच्या आत विरघळायची.

"ऐकू येईना झालंय." लालासाबनं पाय आणखी दाबला. मशीन घरघरलं. रिक्षावाला आत वाकून बघू लागला.

मास्तरांनी मागं रस्त्याकडं बघितलं. इथंच ती गर्दी उभी होती. इथंच मान वर करून त्यानं हाक मारली होती, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मग आपण कानात का सांगतोय? शाळा सुटली, संघटना सुटली, भाषणं सुटली, आणि लहानपणी गारगोटीच्या बाजूला शेतात बोलायचे ती बोली घशातून एकदम वर आली.

"म्या गारगोटीला गेल्तो न्हाई!" ते ओरडले. "म्या घरातच हुतो! तुमी हाक मारलासा ती ऐकली हुती म्या! आनि खिडकी म्याच लावली! भ्यालो म्हनून लावली! कडी घातली! मला माफ करा, लालासाब!"

क्लासच्या पायरीवरची मुलं बोलायची थांबली. दवाखान्यासमोरचे पेशंट उठून उभे राहिले. डोक्यावर खडखड वाजलं. पहिल्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली आणि त्रिशलावहिनी कमरेपर्यंत बाहेर वाकल्या.

"काय झालं वो? कोन वरडतंय?"

लालासाबनं मशीन थांबवलं. तो उठून उंबऱ्यापर्यंत आला आणि मान वर करून त्यानं त्या उघड्या खिडकीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. भुवईवरचा व्रण आक्रसला.

"काय न्हाय, वहिनी," तो म्हणाला. "मास्तर अभिप्राय द्यायल्यात."